गोव्यातील नशेचा इतिहास : घर आणि कामाची जागा
(पेडणे व डिचोली तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गोवा आणि अमली पदार्थ हे शब्द एकत्र आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा, परदेशी पर्यटक आणि रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या उभ्या राहतात. वृत्तपत्रांतील बातम्याही प्रायः याच स्वरूपाच्या असतात : अमुक गावी छापा पडला, इतका चरस जप्त झाला, अमुक देशाच्या नागरिकाला अटक झाली. या चित्रात दोन जागा सहसा दिसत नाहीत. एक म्हणजे घर आणि दुसरी म्हणजे कामाची जागा. वास्तविक व्यसनाची किंमत सर्वांत आधी याच दोन ठिकाणी मोजली जाते.

प्रस्तुत लेखात गोव्यातील मादक पदार्थांच्या सुमारे साडेचारशे वर्षांच्या इतिहासाचा धावता आढावा घेतला आहे. हा इतिहास आजवर मुख्यतः व्यापाराचा, महसुलाचा आणि गुन्ह्याचा इतिहास म्हणून सांगितला गेला. त्यामुळे व्यसन ही कोणा परक्याची गोष्ट आहे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. ही समजूत ऐतिहासिक पुराव्यांशी जुळत नाही आणि जनजागृतीच्या कामात तीच मोठा अडथळा ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके निवडले आहेत. पहिल्याला किनारा आहे, दुसऱ्याला लोहखनिजाच्या खाणी व कारखाने आहेत. दोघांची हद्द महाराष्ट्राला भिडते.

१५६३ च्या ग्रंथातील तीन माणसे

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये निधन होईपर्यंत तो प्रामुख्याने येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही वैद्य म्हणून त्याची ये-जा होती. भारतीय औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांग, अफू आणि धोतरा या तिन्ही पदार्थांची चर्चा आहे. या ग्रंथात नशा करणारी तीन माणसे आपल्याला भेटतात.

पहिला माणूस म्हणजे गुजरातचा सुलतान बहादूरशहा. पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण या देशांत रात्री फेरफटका मारावासा वाटला की आपण थोडी भांग घेतो, असे त्याने मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सेनानीला सांगितल्याची हकिकत ओर्ता देतो. दुसरा माणूस निजामशहाचा खुरासानी चिटणीस. तो विद्वान होता, उत्तम लेखनिक होता, पण रोज अफू खात असल्यामुळे सदैव पेंगुळलेला असे. काम पुढे ठेवले म्हणजे मात्र तो शहाण्या माणसासारखा बोले. तिसरी नोंद ओर्ताच्या स्वतःच्या घरातील नोकरांची आहे. ते धन्याच्या नकळत भांग घेत. तिच्यामुळे कामाचा शीण जाणवत नाही, मन आनंदी राहते आणि भूक लागते, असे त्यांनी त्याला सांगितले.

या तीन नोंदींपैकी सुलतानाची कथा पुढच्या अनेक ग्रंथांत उद्धृत झाली. चिटणीस आणि नोकर मात्र मागे पडले. तरीही अध्यापकांच्या दृष्टीने याच दोन नोंदी अधिक मोलाच्या आहेत. चिटणिसाचे उदाहरण कार्यालयातील व्यसनाचे आहे. काम होत असते, म्हणून वरिष्ठ दुर्लक्ष करतात आणि माणूस आतून पोखरत जातो. नोकरांचे उदाहरण तर घर आणि कामाची जागा या दोन्हींचे आहे. त्यांना दूरदेशी जायचे नव्हते, फक्त दिवसभराचे श्रम विसरायचे होते. आणि ज्या घरात ते राहत होते, त्या घराच्या वैद्य असलेल्या मालकालाही आधी ते कळले नव्हते.

ओर्तानंतर वीस वर्षांनी, १५८३ ते १५८८ या काळात, यान ह्युखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून येथे होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने अफूची एक महत्त्वाची खूण नोंदवली आहे. ज्याला तिची सवय झाली, त्याला ती रोज खावीच लागते, नाहीतर तो खंगून मरतो, असे तो लिहितो. आज ज्याला आपण शारीरिक अवलंबित्व म्हणतो, त्याची जाण गोव्यात सोळाव्या शतकातच होती असे यावरून दिसते. ज्ञान होते, पण ते औषधांच्या आणि प्रवासाच्या ग्रंथांतच राहिले.

विजापूरहून आलेला तंबाखू आणि एका राजघराण्याची शोकांतिका

सोळाव्या शतकात पेडणे व डिचोली हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने विजापूरकरांकडून तिसवाडी घेतली, तरी डिचोलीकडचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडेच होता. गोवा आणि विजापूर यांच्यातील या वाटेने माल जात-येत असे. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेला तंबाखूही दक्षिणेत याच काळात रुजला.

मोगल बादशहा अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला असता त्याने तेथे प्रथमच तंबाखू पाहिला. १६०४ च्या सुमारास त्याने तो सुंदर चिलमीसह अकबरापुढे नजर केला. बादशहाने झुरका घेताच दरबारच्या हकिमाने विरोध केला. आपल्या वैद्यकग्रंथांत ज्याचे गुणधर्म नाहीत अशी वस्तू केवळ फिरंगी वापरतात म्हणून घेऊ नये, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने नव्या गोष्टींचे समर्थन केले. चर्चा संपली आणि सरदारांमध्ये तंबाखूची चाल पडली. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, पण तोवर सवय रुजली होती. बंदी निघाली, तंबाखू राहिला.

ज्या घराण्यात हा वाद झाला, त्याच घराण्यात नशेने केलेली हानी इतिहासाला ठाऊक आहे. अकबराचा मुलगा मुराद १५९९ मध्ये जालन्याजवळ वारला. दुसरा मुलगा दानियाल १६०५ च्या सुमारास बऱ्हाणपूर येथे वारला. दोघांच्याही मृत्यूमागे अतिमद्यपान होते. दानियालपर्यंत दारू पोहोचू नये म्हणून पहारे बसवले होते, तरी बंदुकीच्या नळीत भरून ती त्याच्यापर्यंत नेण्यात आली, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. खुद्द जहांगीरही तरुणपणी बेसुमार पीत असे. हकीम हुमाम याने हे असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही, असे स्पष्ट बजावल्यावर त्याने मद्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले. मात्र त्याच्या जोडीला अफूयुक्त द्रव्ये घ्यायला सुरुवात केली.

या एकाच कुटुंबाच्या इतिहासात आजच्या पालकांना उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी आहेत. केवळ पहाऱ्याने व्यसन सुटत नाही. विश्वासातल्या वैद्याचा स्पष्ट सल्ला परिणाम करू शकतो. आणि एक नशा कमी होताना दुसरी तिची जागा घेत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे लागते. बादशहाचा खजिना, हकीम आणि फौज दिमतीला असलेल्या घराला जे जमले नाही, ते सामान्य घराने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

अफूच्या पेट्या आणि मुंबईतील गोवेकर व्यापारी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अफू हा जागतिक व्यापाराचा माल झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी बंगालच्या अफूवर होती. माळव्याची अफू मात्र तिच्या कह्यातून निसटून पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून मकावमार्गे चीनकडे जात असे. या व्यापारात मुंबईस्थित गोवेकर व्यापारी रोजेरियो द फारिया यांचे नाव ठळक आहे. पारशी व इतर व्यापारीही त्यात होते. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर माळव्याच्या अफूची ही वाट हळूहळू बंद झाली.

१८३९ च्या जून महिन्यात चिनी अधिकारी लिन झेशू याने हुमेन येथे अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. ही अफू मुख्यतः भारतात पिकलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ मध्ये २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरवला, त्या तारखेशी हुमेनच्या घटनेचा संबंध जोडला जातो. आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी २६ जूनला फलक लागतात, प्रतिज्ञा होते. त्या दिवसाच्या मुळाशी आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या पेट्या आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर ‘बाहेरचे लोक आपल्याकडे नशा आणतात’ हे सरधोपट विधान त्यांना तपासून पाहावेसे वाटेल. त्या काळी कँटनच्या एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने परके आपण होतो.

अबकारी, सीमा आणि दारू

पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले आणि ‘नव्या काबिजादी’त गणले गेले. येथील समाजजीवन सावंतवाडीच्या मुलखाशी एकजीव होते. भाषा, सोयरिकी, जत्रा, बाजार हे सारे सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. त्यामुळे पणजी व मुंबई येथील सरकारांच्या महसुली धोरणांत फरक पडला की त्याचा पहिला परिणाम या सीमेवर होई.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने याची प्रचीती आली. हा तह १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे अमलात होता. त्याअन्वये गोव्यातील मीठ इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेले, त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीवर अबकारी पद्धत गोव्यात आली. माडाच्या सुरेवर व मद्यावर कर बसला. माडावर चढून सुर काढणाऱ्या रेंदेरांना त्याची झळ लागली. गोव्यातून कामासाठी मुंबईकडे जाणाऱ्यांच्या ओघात या काळाने भर घातली. तहाच्या वाटाघाटींत पैशाचा हिशेब बारकाईने झाला. पिणाऱ्याच्या कुटुंबाचा विषय त्यात नव्हता. अबकारी ही मुळातच महसुलाची व्यवस्था आहे, आरोग्याची नव्हे.

पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. एका बाजूला बंदी आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक अशी स्थिती झाल्यावर सीमेवरील वाटा दारूच्या वाटा बनल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला, परंतु दोन्ही बाजूंच्या करांतील तफावत राहिली. पेडण्यातील पत्रादेवी आणि डिचोलीला लागून असलेला दोडामार्ग ही नावे त्यामुळे दारूच्या अवैध वाहतुकीच्या बातम्यांत वारंवार येतात. या वाहतुकीत गाडी चालवणारा, माल उतरवणारा, रात्री वाट दाखवणारा हा बहुधा गावातलाच तरुण असतो. त्याच्या घरच्यांना हे उत्पन्न दिसते, धोका उशिरा दिसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काजूची फेणी वा हुर्राक हा या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबांचा हंगामी व्यवसाय आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. व्यवसाय करणाऱ्यांना दोष देणे हा या लेखाचा हेतू नाही. तथापि जे आपल्या अंगणात तयार होते, ते ‘नशा’ या शब्दात मोजायचे नाही, अशी सवय समाजाला लागली आहे. त्यामुळे महाविद्यालयातील व्याख्यानात चरस व एलएसडीवर बोलले जाते आणि ज्या पदार्थाने श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरात भांडणे होतात, त्याचा उल्लेखही होत नाही.

पेडणे : किनारा सरकत गेला

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील हिप्पी तरुण गोव्यात येऊ लागले. कळंगुट व हणजूण ही बार्देश तालुक्यातील गावे त्यांची प्रारंभीची ठिकाणे होती. पर्यटन वाढत गेले तसे एकांत शोधणारे शापोरा नदीपलीकडे, पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांकडे सरकले. कोकण रेल्वेची वाहतूक १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पेडणे हे तिच्यावरील स्थानक झाले. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. एकेकाळी होडीने व फेरीबोटीने गाठायचा हा तालुका आता थेट देशोदेशीच्या नकाशावर आला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये धारगळ येथे मोठा संगीत महोत्सव भरला, तेव्हा ग्रामस्थांपैकी काहींनी त्याला उघड विरोध केला, तर काहींना त्यात रोजगार दिसला. गावाचे असे दुभंगणे हा या इतिहासातील नवा टप्पा आहे.

हिप्पींनी नशा गोव्यात आणली, हे विधान ओर्ताच्या ग्रंथापुढे टिकत नाही. त्यांच्या येण्याने बाजार बदलला हे मात्र खरे. पूर्वी परिचित असलेल्या भांग-गांजाच्या जागी नव्या व अधिक तीव्र रासायनिक द्रव्यांची मागणी निर्माण झाली आणि तिच्यात पैसा आला. किनाऱ्यावरील काम साधारण ऑक्टोबर ते मे या हंगामाचे. या आठ महिन्यांत शॅकवरचा वेटर, स्वयंपाकी, दुचाकी भाड्याने देणारा, टॅक्सीवाला यांना दिवस-रात्र धावावे लागते. जागरण हा कामाचाच भाग होतो. पावसाळ्यात काम थांबते आणि मोकळे दिवस अंगावर येतात. जागे राहण्यासाठी काहीतरी आणि नंतर झोप येण्यासाठी काहीतरी, हे चक्र अशा कामात सहज सुरू होऊ शकते. ओर्ताच्या नोकरांचे ‘शीण जाणवू नये’ हे कारण येथे पुन्हा ऐकू येते.

डिचोली : खाण, ट्रक आणि कारखाना

डिचोली तालुक्याची कथा वेगळी आहे. १९५० च्या दशकापासून गोव्याचे लोहखनिज जपानला मोठ्या प्रमाणात जाऊ लागले. शिरगाव, मये, वेळगे, सुर्ल, पाळी या गावांच्या परिसरात खाणी वाढल्या. ट्रकमधून माल मांडवीच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदरात, अशी साखळी उभी राहिली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या मागणीमुळे तेजी आली. अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. फेऱ्यांवर कमाई असल्याने जितक्या फेऱ्या तितका पैसा, असा हिशेब होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेसह परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. म्हणजे एका पिढीने आधी अतिश्रमाची, मग सक्तीच्या रिकामपणाची, अशी दोन टोके एका दशकात अनुभवली. व्यसनाच्या दृष्टीने ही दोन्ही टोके धोक्याची आहेत. पहिल्यात हातात पैसा असतो व अंगात थकवा असतो. दुसऱ्यात डोक्यावर हप्ता असतो व हाताला काम नसते.

कामाच्या जागेवरील मद्यपानाविषयी गोव्यातच झालेले एक संशोधन सर्व अध्यापकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गोव्यातील औद्योगिक कामगारांच्या या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ९८४ पुरुष कामगारांपैकी २११ जणांचे, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांचे, मद्यपान धोकादायक पातळीवरचे आढळले. डोक्याला इजा होणे व रुग्णालयात दाखल व्हावे लागणे यांच्याशी अशा मद्यपानाचा संबंध दिसून आला. हे कामगार कारखान्यात रोज हजेरी लावणारे, घरसंसार असलेले लोक होते. पार्टीतले पाहुणे नव्हते. देशपातळीवरील पाहणीचे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही हेच सुचवतात. १० ते ७५ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात १४.६ टक्के होते, तर गोव्यात ते सुमारे २८ टक्के आढळले.

कायदा : शिक्षा आणि उपचार

अमली पदार्थांविषयीचा आजचा मुख्य कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. तो कठोर आहे हे सर्वांना माहीत असते. २००१ च्या दुरुस्तीने जप्त मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या, हे थोड्यांना माहीत असते. कलम ६४-अ तर फारच थोड्यांना ठाऊक असते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागली, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद या कलमात आहे. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण जाऊ शकते. ‘पोलिसांत जाईल’ या भीतीने मुलाला लपवणाऱ्या घराला ही माहिती कोणीतरी दिली पाहिजे.

कामाच्या जागेसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९६ ची आचारसंहिता मार्गदर्शक आहे. व्यसनाचा प्रश्न मुळात आरोग्याचा मानावा, कामगाराची माहिती गोपनीय ठेवावी आणि शक्य तेथे शिक्षेआधी उपचाराची संधी द्यावी, अशी तिची दिशा आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी असावा लागत असे. लहान कारखान्यांत, शॅकवर वा ट्रकमालकाकडे असा अधिकारी नसतो. तेथे ही जबाबदारी सहकाऱ्यांवर व कुटुंबावर येऊन पडते.

घर, कामाची जागा आणि अध्यापक

आपल्या समाजाच्या संदर्भात एक गोष्ट मोकळेपणाने मांडणे आवश्यक आहे. इस्लाममध्ये मद्यनिषेधाची आज्ञा टप्प्याटप्प्याने आली. आधी हानीची जाणीव, मग नशेत नमाज नको असा नियम आणि शेवटी पूर्ण मनाई. पुढे इब्न तैमिया (१२६३-१३२८) यांच्यासारख्या विद्वानांनी भांगेपासूनच्या हशीशलाही मद्याच्याच पंक्तीत बसवले. ही शिकवण मोठी ढाल आहे. परंतु ‘हराम आहे, म्हणून आपल्यात नाही’ असा निष्कर्ष त्यातून काढला जातो, तेव्हा तीच ढाल पडदा बनते. बदनामीच्या भीतीने आई गप्प राहते, भाऊ उधारी फेडतो, लग्न करून दिले की सुधारेल असे म्हटले जाते आणि एका निष्पाप मुलीचे आयुष्य पणाला लागते. माळकरी वारकरी कुटुंबांतही याच कारणाने असेच मौन पाळले जाऊ शकते. नशा परक्याची मानण्याच्या सवयीचेच हे घरगुती रूप आहे.

अध्यापकांना पुढील गोष्टी करता येतील. पहिली, खुणा ओळखणे व सांगणे. पगारानंतरच्या दिवसांची गैरहजेरी, वारंवार होणाऱ्या किरकोळ इजा, कारण नसलेली उसनवारी, झोपेची उलथापालथ, जुने मित्र अचानक तुटणे यांपैकी एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण अनेक खुणा एकत्र दिसल्या तर विचारपूस करावी. ती एकांतात करावी आणि आरोप न करता करावी.

दुसरी, धोकादायक घरगुती उपाय थांबवणे. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. खोलीत कोंडून ठेवणे हा म्हणूनच उपाय नव्हे. उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू व्हावेत. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था ही शासकीय संस्था आहे. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा विनामूल्य आहे.

तिसरी, घरच्यांना एकटे न सोडणे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीचा व कुटुंबाचाही विचार उपचारात केला. मराठी भाषक प्रदेशातील हा अनुभव सीमेपलीकडे पोहोचायला अडचण नसावी.

चौथी, मदत करण्यासाठी तज्ज्ञच हवा हा गैरसमज दूर करणे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी, वैद्यकीय पदवी नसताना, मोजक्या भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनंतर असे समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्क्यांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. फरक चमत्कारासारखा नाही. पण तो गोव्याच्याच भूमीवर, सामान्य माणसांच्या बोलण्यातून घडलेला आहे.

पाचवी गोष्ट इतिहासाच्या अध्यापकांसाठी. पेडण्यातील संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय, डिचोलीचे झांट्ये महाविद्यालय, साखळीचे सरकारी महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना आपल्या गावातील कामाचा इतिहास लिहायला सांगता येईल. खाणीवरच्या फेऱ्या, किनाऱ्यावरचा हंगाम, काजूची भट्टी, सीमेवरची वाहतूक हे विषय घेऊन आजोबा-आजींच्या मुलाखती घ्याव्यात. कोणाचे नाव न घेता, कोणाची उणीदुणी न काढता हे करता येते. कामाविषयी बोलताना थकव्याविषयी बोलणे निघते आणि थकव्याविषयी बोलताना नशेचा विषय आपोआप येतो. व्याख्यानापेक्षा ही वाट अधिक परिणामकारक ठरेल.

समारोप

ओर्ताच्या घरातील नोकरांपासून हरमलच्या वेटरपर्यंत आणि निजामशाही चिटणिसापासून डिचोलीच्या कामगारापर्यंत एक सूत्र दिसते. बहुसंख्य माणसे नशेकडे वळतात ती चैनीपेक्षा श्रम, जागरण, चिंता व रिकामपण यांच्या दबावाखाली. राज्यकर्त्यांनी हा विषय महसुलाच्या वहीत लिहिला, पोलिसांनी गुन्ह्याच्या नोंदवहीत लिहिला आणि समाजाने तो परक्याच्या नावावर टाकला. घराची व कामाच्या जागेची नोंद राहून गेली. ती नोंद करणे, म्हणजेच हा प्रश्न आपलाच आहे असे मान्य करणे, ही जनजागृतीची पहिली पायरी होय. शुक्रवारचा खुतबा, साखळीच्या विठ्ठल मंदिरातील कीर्तन, कारखान्यातील सुरक्षा सप्ताह आणि महाविद्यालयातील तास या सर्व ठिकाणी ही पायरी चढता येईल. त्यासाठी निधीपेक्षा धीराची गरज अधिक आहे.